कॅराकॅलाच्या स्नानगृहांत

आजची दुपार रोममध्ये, रोमन सम्राट कॅराकॅलाच्या स्नानगृहांत घालवली. भिंती अजूनही इतक्या उंच आहेत की मान दुखून येते. इ.स. 216 मध्ये ही सुरू झाली. गरम, कोमट आणि थंड पाण्याच्या वेगळ्या दालनांशिवाय मोठा पोहण्याचा तलाव, व्यायामाची अंगणं, आणि जमिनीखाली लाकडं वाहून नेणारे, भट्ट्या पेटत्या ठेवणारे गुलाम. त्या गुलामांचा विचार माझ्या मनातून जाईना. वर मात्र चार-पाच मजली इमारतींतल्या कोंदट खोल्यांत राहणारी साधी माणसंही येऊन मनसोक्त न्हायची.

पश्चिम रोमन साम्राज्य 476 मध्ये संपलं, असं आपण शाळेत पाठ केलं. पण इथलं पाणी त्यानंतरही वाहत होतं! ते थांबलं 537 मध्ये, गॉथ राजा विटिगेसने शहराला वेढा घालून जलवाहिन्या तोडल्या तेव्हा. सम्राटाची गादी गेल्यापेक्षा हा घाव रोमकरांना जास्त लागला असणार, असं मला अगदी मनापासून वाटतं. यानिकुलम टेकडीवरच्या पाणचक्क्याही बंद पडल्या. मग शहर राखणाऱ्या पूर्व रोमन साम्राज्याच्या सेनापती बेलिसारियसने टायबर नदीत नावा बांधून त्यांवर चक्क्या बसवल्या आणि वेढ्यातल्या शहराला पीठ पुरवलं.