नोकरी गेल्यावर मदत कुठे मिळाली: माझा अनुभव

२०२० च्या उन्हाळ्यात इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यातली माझी नोकरी गेली. गाड्यांचे सुटे भाग बनवायचो आम्ही. मागणी आदल्या वर्षापासूनच घटत होती, लॉकडाऊननं उरलंसुरलं संपवलं. त्या एप्रिल-जून तिमाहीत देशाचा जीडीपी जवळपास २४ टक्क्यांनी घसरल्याचं ऑगस्टअखेरीस जाहीर झालं. म्हणजे दोष माझ्या कामाचा नव्हता, हे कळत होतं. पण रात्री दोनला जाग यायची ती यायचीच. छातीत धडधड, मुलीची फी, घरभाडं, पुन्हा धडधड. कुणी ‘सध्या काय चाललंय?’ विचारेल म्हणून भाजी आणायलाही बाहेर पडेनासा झालो.

आमच्या घरानं हे आधी पाहिलं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, इंदूरच्या हुकुमचंद या कापड मिलमध्ये होते. १२ डिसेंबर १९९१ ला मिल बंद पडली आणि अण्णांचं बोलणं जवळजवळ थांबलं. सकाळी आंघोळ करून बाहेर पडायचे, मिलच्या गेटवर बसून परत यायचे. हे आजारपण असू शकतं, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर अण्णा राहिले नव्हते. म्हणून एका दुपारी आई मला म्हणाली, “तुझे डोळे यांच्यासारखे दिसायला लागलेत रे,” तेव्हा मी हादरलो.

त्याच सुमारास, ७ सप्टेंबर २०२० ला, केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं ‘किरण’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू केली. चोवीस तास, फुकट, तेरा भाषांत, आणि त्यात मराठी होती. बायकोनं पेपरातला नंबर कापून ठेवला होता. “अहो, फोनच तर करायचाय.”

आधी भाषा निवडायची, मग राज्य. मी मराठी आणि मध्यप्रदेश निवडलं. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. झोप, भूक, दारू, घरात कोण कोण आहे, सगळं विचारलं. मग सरळ विचारलं, “जगणं नकोसं वाटतं का?” हा प्रश्न मला तोवर कुणीही विचारला नव्हता. मी हो म्हणालो. त्या दचकल्या नाहीत, उपदेशही केला नाही. बायकोला फोन द्यायला सांगितला, तिच्याशी बोलल्या आणि मानसोपचार तज्ज्ञांना भेटायला सांगितलं.

इंदूरमध्ये सरकारी मानसिक रुग्णालय बाणगंगेला आहे. आमच्या वाड्यात लहानपणी एकमेकांना चिडवायला ते नाव वापरायचे, त्यामुळे पाय जड झाले होते. बायको बरोबर आली. ओपीडीत पर्ची काढली, नंबर लागला. डॉक्टरांनी आधी झोपेचं बघू म्हटलं, गोळ्या कशासाठी आणि किती दिवस ते नीट समजावलं. नंतर तिथल्या समाजसेविका ताईंनी विचारलं, “पगारातून ईएसआय कापायचे का?” ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. माझा पगार तेव्हाच्या २१,००० च्या मर्यादेच्या आतला, त्यामुळे कापायचे. त्यांनी मला ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ सांगितली.

नोकरी गेलेल्या विमाधारकाला या योजनेत जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता मिळतो. कोरोनाकाळात तो सरासरी मजुरीच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के केला होता. अर्जासाठी नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावं लागायचं, ते ३० वर आणलं होतं. माझ्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच होती: अर्ज मालकामार्फत पाठवायची गरज उरली नव्हती. कंपनीतले लोक माझा फोनच उचलत नव्हते. नंदानगरला ईएसआयच्या शाखेत जाऊन आधार, पासबुकाची प्रत आणि शपथपत्र दिलं. शपथपत्राची अट पुढे नोव्हेंबरमध्ये रद्द झाली. ‘मी सध्या बेरोजगार आहे’ या ओळीखाली सही करताना हात थरथरला नाही. झोप लागायला लागली होती म्हणूनच हे कागद गोळा करणं जमलं. त्याआधी मी कपाटातली फाइलही उघडली नसती.

म्हणून माझं ठाम मत आहे की बेरोजगारीचा अर्ज घेणाऱ्या प्रत्येक खिडकीवर हेल्पलाइनचा नंबर हातात द्यायला हवा, आणि मनाच्या डॉक्टरांकडे आलेल्याला नोकरीबद्दल विचारायलाच हवं. मला तशी ताई भेटली. सगळ्यांना भेटेलच असं नाही.

१० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन सुरू आहे. नंबर १४४१६, तोही चोवीस तास, मराठीतही. फोन केलात तर नोकरी गेल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. शेजारी कळेल या भीतीनं थांबू नका. उपचारांची माहिती गुप्त राखणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे. आणि ईएसआय कापलं जात असेल तर विमा क्रमांक आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा. भत्त्याच्या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवत आलेत, त्यामुळे आज ती कुठवर आहे ते शाखेत जाऊन स्वतः विचारा.