दोन टप्पे, एक लाट

नाशकात पुराची उंची मीटरमध्ये कोणी विचारत नाही. ‘मारुतीच्या कुठवर आलं?’ असं विचारतात. पोटरीला, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती बुडायला लागला की सराफ बाजार आणि भांडी बाजारात दुकानं रिकामी करायची धावपळ सुरू होते. २००८, २०१६, २०१९ ही सालं गावाला त्याच हिशेबाने पाठ आहेत.

माझं काम नदीचं गणित मांडायचं. गोदावरीचं संगणकावरचं मॉडेल करायला घेतलं तेव्हा मी पहिला हट्ट धरला तो मारुती मोजायचा. ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावली, बेंचमार्कवरून, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेवरून, पातळी आणली, स्टाफ, म्हणजे मापाची पट्टी, मूर्तीशेजारी उभा केला आणि गुडघा, कंबर, छाती, खांदा, हनुवटी अशी एकेक खूण समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत उतरवली. शेंदराचे थर इतके, की गुडघा नेमका कुठे धरायचा यावर आमच्यात वाद झाला. घाटावर रोज बसणाऱ्या एका आजोबांनी तो मिटवला. “पाणी आलं की गुडघा आम्ही सांगतो, तुम्ही नाही. इथं धरा.” तिथेच धरला. अख्ख्या प्रकल्पातलं सगळ्यात भरवशाचं मोजमाप तेच, असं मी आजही म्हणेन. आमचे एक वरिष्ठ सहकारी उपग्रहावरून मिळणाऱ्या फुकटच्या उंचीनकाशावर खूश असतात, कारण त्यावर निळे-लाल रंग छान उमटतात आणि सादरीकरणात टाळ्या पडतात. त्या नकाशाच्या तीस मीटरच्या एका चौकटीत घाटाच्या पायऱ्या, एखादं देऊळ आणि चहाची टपरी सगळं एकाच उंचीचं होऊन बसतं.

बाकी काम कंटाळवाणं. उन्हाळ्यात पात्राचे आडवे छेद घ्यायचे, पुलांचे खांब मोजायचे, सगळं हेक-रासमध्ये भरायचं. हे सॉफ्टवेअर अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी केलेलं, फुकट मिळतं, आणि आत वाहत्या पाण्याची जी समीकरणं सोडवतं ती सां-व्हनाँ या फ्रेंच माणसाने १८७१ साली मांडलेली. डोकं खातो तो मॅनिंगचा ‘एन’, म्हणजे पात्राचा खडबडीतपणा. गुळगुळीत काँक्रीटला तो ०.०१३च्या आसपास, झाडोरा माजलेल्या नदीला ०.०५ किंवा त्याहून जास्त. आमच्या नदीत हे दोन्ही आहे. रामकुंडाच्या परिसरात काँक्रीट, वर आनंदवली-सोमेश्वरकडे खडक, आणि मधे जागा मिळेल तिथे पानवेली. पहिल्या मोठ्या पाण्यात पानवेली वाहून जातात आणि ‘एन’ एका दिवसात बदलतो. जूनमध्ये बरोबर असलेलं मॉडेल ऑगस्टमध्ये कशाला बरोबर राहील? हे कंत्राट देणाऱ्यांना समजावता समजावता माझी जीभ झिजली.

आता त्या बुधवारबद्दल.

बुधवार म्हटल्यावर नाशिककरांच्या लक्षात आलंच असेल. गोदाघाटावर आठवड्याचा बाजार. त्र्यंबकच्या बाजूला रात्रभर कोसळत होता, कश्यपी आणि गौतमी या वरच्या धरणांचं पाणी गंगापूर धरणात येत होतं, आणि धरणात त्या तारखेला जेवढी पातळी ठेवायची त्याच्या वर पाणी चाललेलं. सकाळी संदेश फिरला: ९ वाजता २,००० क्युसेक, १० वाजता ६,००० क्युसेक, विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवला जाईल, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. पूर म्हणावा असं हे पाणी नव्हेच. पण घाटावर पाल टाकून बसलेल्या माणसाला पुरेसं.

‘टप्प्याटप्प्याने’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला धीर येतो. पहिलं थोडं पाणी येईल, सावध होऊ, मग तासाने मोठं येईल, तोवर आवरू. धरणावरच्या माणसाचा हेतूही तोच असतो, आणि तो चांगलाच आहे. फक्त पाणी तसं वागत नाही.

हे जरा सविस्तर सांगते, कारण शिकलेल्या माणसांनाही पटवताना घाम फुटतो. धरणापासून रामकुंडापर्यंत नदीने पंधरा किलोमीटर धरा. पाणी सेकंदाला सव्वा मीटरने वाहत असेल तर धरणातून सुटलेला थेंब रामकुंडावर यायला तीन तासांहून जास्त लागतात. पूर मात्र दोन तासांत येतो. कारण पूर म्हणजे तो थेंब नव्हे, पुढच्या पाण्याला मागून बसलेला रेटा. रुंद पात्रात हा रेटा पाण्याच्या वेगाच्या साधारण पाच-तृतीयांश वेगाने पुढे सरकतो. रामकुंडावर पातळी चढायला लागते तेव्हा चढणारं पाणी धरणाचं नसतंच, आधीपासून मधल्या पात्रात पडून असलेलं असतं.

खरी मेख यापुढे आहे. हा वेग कायम नसतो. पाणी जितकं खोल, तितकी ही रेट्याची लाट जलद. मॅनिंगच्या सूत्रातून हिशेब केला तर विसर्ग तिप्पट झाल्यावर लाटेचा वेग साधारण दीडपट होतो. म्हणजे २,००० क्युसेकच्या लाटेला दोन तास लागत असतील तर ६,०००च्या लाटेला सव्वा तासाच्या थोडं वर. नऊला सुटलेली अकराला पोहोचते, दहाला सुटलेली अकरा वाजून अठरा-वीस मिनिटांनी. धरणावर ठेवलेलं एका तासाचं अंतर गावात येईपर्यंत वीस मिनिटांवर येतं. नदी आणखी लांब असती तर मागची लाट पुढचीला गाठून दोन्ही मिळून पाण्याची एकच भिंत झाली असती. लाइटहिल आणि व्हिथॅम यांनी १९५५ साली यावर दोन लेख एकापाठोपाठ लिहिले. पहिला लांब नद्यांच्या पुरावर, दुसरा गर्दीच्या रस्त्यावरच्या वाहतुकीवर. गणित एकच. द्वारका चौकात संध्याकाळी सिग्नलच्या रांगेला मागून गाड्या येऊन चिकटतात आणि रांगेचं शेपूट मागे-मागे सरकत जातं, ती याच घराण्यातली लाट.

साडेनऊला मी पूर नियंत्रण कक्षात फोन लावला.

“साहेब, दुसरा टप्पा बाराला नाही येणार. सव्वाअकरा-साडेअकराच्या दरम्यान येईल.”

“मॅडम, दहाला सोडलेलं पाणी सव्वाअकराला कसं येईल? दोन तास लागतात. एवढी वर्षं बघतोय.”

“दोन तास पहिल्याला लागतात. दुसरं त्याच्या पाठीवरून येतं.”

“बरं, मारुतीच्या कुठपर्यंत?”

“गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली.”

“दोन नको, एक सांगा.”

हे असं असतं. अनिश्चितता सांगितली की समोरच्याला वाटतं, यांना येत नाही. मी ‘मांडी’ म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं, वेळेचं काय लिहिलं माहीत नाही. घाटावरच्या भोंग्यावर ‘दुपारी बारानंतर पाणी वाढेल’ हेच चालू राहिलं.

ऑफिसपासून घाट जवळ, म्हणून मीच निघाले. पाऊस शहरातही सुरू झालेला, बारीक पण लागून. होळकर पुलावर लोक कठड्याला रेलून मोबाईल उगारून उभे होते. पाणी बघायला येणाऱ्यांची नाशकात कधी कमतरता नसते. खाली बाजार निम्मा आवरलेला, निम्मा तसाच. मिरच्या आणि लसूण घेऊन बसलेल्या एक मावशी प्लास्टिकच्या कागदाखाली वजनं पुसत होत्या.

“मावशी, आवरा आता. अर्ध्या तासात पाणी येतंय.”

“बाराला हाय ना ताई? आत्ताच सांगितलं की भोंग्यावर.”

“बारापर्यंत थांबू नका.”

“आज सकाळपासून बोहनी नीट नाही झाली,” त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या. मी तरी त्यांना काय सांगणार? पाच-तृतीयांश?

अकरा वाजून पाच मिनिटांनी पहिली पायरी ओली झाली. मी पायऱ्याच बघत होते, बाकी कुठे नाही. पाणी एका पायरीवर आलं, तिथे काही मिनिटं नुसतं हिंदकळत राहिलं, मग दुसरी पायरी घेतली. लोकांचे चेहरे सैलावले. आलं, एवढंच आहे. एक-दोघांनी बांधलेली गाठोडी पुन्हा सोडली. आणि साडेअकराच्या आत, बहुधा पंचवीसच्या सुमाराला, पाणी एका पायरीवरून पुढच्या पायरीवर मोजायला उसंत न देता चढायला लागलं. आवाज नाही, लोंढा नाही. मघाशी कोरडी होती ती पायरी बघता बघता दिसेनाशी. पोरं ओरडत धावली, रिकामे क्रेट तरंगायला लागले, काठाला लावलेली एक मारुती व्हॅन मागच्या चाकांवर हलली. मावशींचं लसणाचं पोतं दोघांनी उचललं, मिरच्यांचं अर्धं भिजलं. माणूस कोणी गेला नाही, कोणाला खरचटलंही नसेल. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत बाजाराबद्दल एक ओळ होती.

एक गोष्ट मी मुद्दाम पाहिली. चढणारं पाणी काळपट होतं. धरणाचं ऑगस्टमधलं पाणी तांबूस, मातकट असतं, ते बऱ्याच उशिराने आलं. माझ्या दृष्टीने हा पुरावाच: आधी रेटा, मग पाणी. मी उत्साहात फोटो काढले, वेळेसकट.

शुक्रवारी बैठक झाली. एका साहेबांनी ते फोटो पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, हे नाल्याचं पाणी आहे. साडेदहापासून शहरात पाऊस होता. सरस्वती नाला, वरचे इतर नाले, सगळे फुगले. नाल्याचं पाणी काळंच असतं.”

आणि यावर माझ्याकडे ठोस उत्तर नव्हतं, अजून नाही. काळं पाणी दोन्ही गोष्टींशी जुळतं. होळकर पुलाखालचा विसर्ग धरणातून सोडलेल्यापेक्षा जास्त भरतो तो या नाल्यांमुळेच, हे आम्हीच अहवालात लिहिलेलं. मॉडेल नाल्यांचं पाणी घालून चालवलं तर चढ थोडा लवकर येतो, न घालता चालवलं तरी जवळपास तेव्हाच येतो. दोन कारणं एकाच वीस मिनिटांत येऊन बसली. वेगळी करायची तर दर दहा-पंधरा मिनिटांची पातळी हवी, आणि नोंदवही तासाची आहे. अकराची नोंद, बाराची नोंद, मधे काही नाही. ज्या वीस मिनिटांवर आमचा वाद चाललाय ती कागदावर घडलेलीच नाहीत.

तरीही मला ती पहिली उसंत सुटत नाही. दोन पायऱ्या आणि मग थांबलेलं पाणी. पहिला टप्पा लहान ठेवतात तो लोकांना इशारा मिळावा म्हणून. पण लहान म्हणूनच तो हळू चालतो, आणि हळू चालतो म्हणूनच मोठा त्याला गाठतो. इशाऱ्याचा वेळ दुसरा टप्पा खाऊन टाकतो. मग पहिला टप्पा मोठा करायचा? तो झपझप येईल, दुसऱ्याशी अंतरही राखेल, पण बेसावध माणसांवर पहिल्याच फटक्यात मोठं पाणी. की अंतर तासाऐवजी अडीच तासांचं करायचं? हे मी धरणाकडच्या अभियंत्याला विचारलं. भला माणूस, चेष्टेवारी नेलं नाही त्याने. म्हणाला, “अडीच तास थांबलो आणि वरून येवा वाढला तर मला सहाच्या जागी बारा हजार सोडायला लागतील. मग तुमच्या मावशींना काय सांगू?” त्याचंही बरोबर आहे. त्याच्या हातात दरवाजे आहेत, पाऊस नाही.

मी आता एक तक्ता करते आहे: पहिला टप्पा इतका, दुसरा इतका, तर घाटावर मधे किती मिनिटं उरतात. पानवेली असताना वेगळा, वाहून गेल्यावर वेगळा. पाणी घाटाबाहेर पसरायला लागलं की लाट उलट मंदावते, त्याचा तिसरा. वरिष्ठ म्हणतात, तीन तक्ते कोण वाचणार, एक कर आणि रंग दे.

त्याआधी मी नियंत्रण कक्षाला एकच लेखी विनंती केली. विसर्ग वाढवायच्या दिवशी होळकर पुलावरची नोंद तासाऐवजी पंधरा मिनिटांनी घ्या. तिथल्या साहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला.

“पाळीला दोन माणसं आहेत मॅडम. एक फोनवर, एक पुलावर. पुलावरचा जेवायला कधी जाणार?”