खांदा, घळ आणि लांबणीवर टाकलेला निर्णय

श्रावणात जांभ्याच्या पायरीवरील शेवाळावरून पाय घसरला आणि पडताना उजवा हात टेकला, त्याला आता तीन महिने झाले. आज एमआरआयचा अहवाल घेऊन रत्नागिरीला अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो होतो. खांद्याचा सांधा जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंपैकी वरच्या, म्हणजे सुप्रास्पिनॅटसच्या, कंडरेला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) अर्धवट चीर गेली आहे. ती पूर्ण तुटली असती, तर कंडरा आखडत जाऊन स्नायू क्षीण होण्याचा धोका होता, आणि मग थांबण्याचा सल्ला आपण दिला नसता, असे डॉक्टर म्हणाले.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केल्यास साधारण सहा आठवडे हात झोळीत आणि जड कामाला चार ते सहा महिने बंदी. मी मनात महिने मोजले. आता कार्तिक आहे, म्हणजे हापूस उतरवण्याचे दिवस नेमके त्यातच येणार, आणि हात डोक्याच्या वर नेऊन घळ (आंबे उतरवायची जाळी लावलेली लांब काठी) पेलणे हेच तर आमचे काम. (गडी लावता येतात, हे सौ.ने परतीच्या एसटीत दोनदा ऐकवले.)

सुरुवातीला केस विंचरता येत नव्हते. आता हात कानापर्यंत विनासायास जातो, उजव्या कुशीवर मात्र अजून झोपवत नाही. म्हणून आणखी सहा आठवडे फिजिओथेरपी करून पुन्हा तपासणी करायची, असे ठरले. पडवीच्या वाशाला कप्पी टांगली आहे. डाव्या हाताने दोर ओढून उजवा वर न्यायचा. संध्याकाळी वीस वेळा केले.