तमाले ते कुमासी: एका मेणाच्या ठोकळ्यापायी सोळा दिवस

पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं वाचा. घानाच्या उत्तर भागातून कॅन्सरच्या उपचारासाठी कुमासीला किंवा अक्राला निघत असाल, तर बायॉप्सीत काढलेला तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ठोकळा, म्हणजे लॅबवाले ज्याला ब्लॉक म्हणतात तो, हातात पडल्याशिवाय बसमध्ये पाय ठेवू नका. आम्ही फक्त रिपोर्ट घेऊन निघालो. त्यापायी सोळा दिवस वाया गेले, आणि हे लिहितानाही माझा संताप उतरलेला नाही.

मी उत्तर घानातल्या तमालेत शिया बटरच्या गोदामाचे हिशेब सांभाळते, यंदा सहावं वर्ष. बिया निवडणाऱ्या बायकांच्या मुकादम म्हणजे आमच्या हाजिया; हज करून आलेल्या बाईंना इथे असंच म्हणतात. डाव्या स्तनातली गाठ त्यांनी पाच महिने कुणाला दाखवली नाही. रेडिओवर जाहिरात करणाऱ्या एका जडीबुटीवाल्याचं औषध घेत राहिल्या. गाठीवरची कातडी फुटली तेव्हा मला आत बोलावून पदर बाजूला केला. जडीबुटीवाल्यांबद्दल माझं मत एका वाक्यात सांगते: गाठ लागली की त्यांच्या दारात उभंसुद्धा राहू नका. इथे बहुतेक बायका डॉक्टरपर्यंत पोचतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो, आणि ते पाच महिने कुणी परत देत नाही.

कुमासीच का? रेडिओथेरपीची सोय या देशात फक्त दोन शहरांत आहे. अक्रात कोर्ले बू रुग्णालय, शिवाय एक खासगी केंद्र, आणि कुमासीत कोम्फो अनोक्ये रुग्णालय, जिथे ही सोय 2004 पासून आहे. तीन कोटींच्या वर लोकसंख्या, 2020 च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार वर्षाला सुमारे 24,000 नवे रुग्ण आणि सुमारे 16,000 मृत्यू, आणि उत्तरेत एकही यंत्र नाही. तमालेहून कुमासी जवळजवळ चारशे किलोमीटर. अक्रा त्याच्याही पुढे अडीचशे.

बसबद्दल थोडक्यात. पहाटेची घ्या, रात्रीची नको. बुइपेचा पूल ओलांडेपर्यंत ठीक असतं. किंताम्पो ते तेचिमान मात्र प्रत्येक गावाबाहेर गतिरोधक आहेत, आणि दुखऱ्या छातीला त्यातला एकेक जाणवतो. पुढच्या तीन रांगांतली जागा मागून घ्या, मागच्या चाकावरची अजिबात नको. काखेखाली धरायला छोटी उशी ठेवा. कुमासीच्या स्टँडवरचे टॅक्सीवाले उत्तरेचा पोशाख पाहिला की तिप्पट सांगतात. आमच्याकडे 90 सेडी मागितले, रस्त्यापर्यंत चालत गेल्यावर 30 मध्ये नेलं. 'कोम्फो अनोक्ये' म्हणण्याऐवजी नुसतं 'गी' म्हणा. गावात रुग्णालयाचं नाव तेच आहे, आणि तुम्ही नवखे नाही एवढं त्यातून कळतं.

आता कार्डाबद्दल. तमालेत ज्याला विचारलं त्याने सांगितलं, 'एनएचआयएसचं कार्ड आहे ना, मग सगळं फुकट.' राष्ट्रीय विमा योजनेचं हे कार्ड फार मोलाचं आहे, त्याबद्दल वाद नाही. स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर त्यात येतो, 2022 पासून लहान मुलांचे चार कॅन्सरही आले. ट्रास्टुझुमॅबसारखं महाग औषधसुद्धा निवडक मोठ्या रुग्णालयांत या योजनेतून मिळतं. ज्यांनी हे घडवून आणलं त्यांचे उपकार आहेत. पण कार्ड आहे म्हणजे खर्च नाही, ही समजूत घातक आहे. बायॉप्सी, तिची तपासणी, सीटी स्कॅन, राहणं, जेवण, आणि ज्या एका तपासणीवर पुढचं सगळं ठरतं ती तपासणी, हे सगळं आम्ही पदरचे पैसे घालून केलं. निघण्याआधी *929# वर कार्डाची मुदत तपासा आणि संपत आली असेल तर तमालेतच वाढवून घ्या. मुदत उलटून गेलेलं कार्ड नव्याने चालू व्हायला वेळ लागू शकतो.

ती एक तपासणी म्हणजे रिसेप्टरची, कॅन्सरच्या पेशींतल्या ज्या खुणांवरून कुठलं औषध लागू पडेल ते ठरतं त्यांची. कुमासीतल्या डॉक्टरांनी हाजियांचा एक पानी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, 'ब्लॉक कुठे आहे?' रिपोर्टमध्ये कॅन्सर आहे एवढंच होतं, कुठल्या जातीचा ते नव्हतं. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू, या तिन्हींची तपासणी त्या मेणात बसवलेल्या तुकड्यावरच होते. हर-टू पॉझिटिव्ह निघाला तर ट्रास्टुझुमॅब, आणि ते विम्यातून. तपासणी नसेल तर औषध नाही, कार्ड कितीही चालू असलं तरी. डॉक्टरांनी हे दोनदा समजावलं, बरोबर आलेल्या हाजियांच्या भाचीने दागबानीत, म्हणजे तमालेकडच्या भाषेत, सांगेपर्यंत थांबले. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

ब्लॉक होता अक्रातल्या एका खासगी लॅबमध्ये. तमालेच्या दवाखान्याने नमुना परस्पर तिकडे पाठवला होता आणि तिथला कारकून मला म्हणाला होता, 'रिपोर्ट पुरे आहे.' 2016 मध्ये आत्याला मिरजेहून परळला टाटामध्ये नेलं तेव्हा आम्ही ब्लॉक आणि काचपट्ट्या डब्यात भरून नेल्या होत्या. मला हे माहीत होतं, आणि तरी मी त्या कारकुनाच्या शब्दावर विसंबले. याचं मला फार वाईट वाटतं.

त्या लॅबला मी पहिल्या आठवड्यात रोज फोन केला. कधी संबंधित माणूस जागेवर नसायचा, कधी ब्लॉक ही लॅबची मालमत्ता असल्याचं ऐकवायचे. नवव्या दिवशी कुणीतरी शोधण्याची फी सांगितली, आमच्या तिघींच्या बसभाड्याहून जास्त. मोबाइल मनीवर एका खासगी नंबरला पाठवा म्हणाले. मी पाठवले. पावती आली नाही, ब्लॉकही आला नाही. पावतीशिवाय एक पेसेवा देऊ नका, कितीही घाई असो.

काम झालं ते एका पत्राने. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून रुग्णालयाच्या कागदावर 'या रुग्णाचा ब्लॉक उपचारासाठी हवा आहे' असं पत्र घेतलं, त्यावर रिपोर्टचा क्रमांक लिहून शिक्का मारून घेतला, आणि हाजियांच्या अक्रातल्या पुतण्याने ते नेऊन टेबलावर ठेवलं. त्याच दिवशी दुपारी ब्लॉक त्याच्या हातात. हे पत्र पहिल्याच भेटीत मागा. ब्लॉक काडेपेटीहून लहान असतो, प्लास्टिकच्या जाळीवर मेण आणि त्यावर क्रमांक. क्रमांक रिपोर्टशी जुळवून पाहा. गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, इथल्या उन्हात मेण मऊ पडतं. आणि बायॉप्सी अजून व्हायची असेल तर तुकडा फॉर्मॅलिनमध्येच, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणातच, घालतात ना, नुसत्या सलाइनमध्ये नाही ना, हे उभं राहून विचारा. तुकडा खराब झाला तर सगळं पुन्हा करावं लागतं.

राहण्याबद्दल. रुग्णालयाभोवती खोली दाखवणारे भेटतील, त्यांच्या मागे जाऊ नका. आम्ही असावासेच्या झोंगोत, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या मुस्लिमांच्या वस्तीत, राहिलो. तिथे हौसा चालते, हाजियांना बोलायला माणसं मिळाली, आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारणी तुओ झाफी, म्हणजे उत्तरेकडचं पिठाचं घट्ट जेवण, आणून देऊ लागल्या. बाकी कुमासीत ट्वी भाषा लागते. ट्वी येणारं कुणी बरोबर नसेल तर झोंगोतला एखादा शिकलेला मुलगा जेवण आणि प्रवासखर्चावर आनंदाने येतो. केजेतियाचा बाजार एका रविवारी पाहिला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पैशांचा हिशेब करताना लक्षात ठेवा की केमो साधारण दर 21 दिवसांनी असते आणि रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, सलग तीन ते पाच आठवडे. केमोला ये-जा करता येते. रेडिएशनला कुमासीत बिऱ्हाडच करावं लागतं, त्या भाड्याची सोय आधी करा. आमच्या गोदामातल्या बायकांनी सुसूतून, म्हणजे त्यांच्या भिशीतून, हाजियांचा नंबर पुढे घेतला आणि दोन महिन्यांचं भाडं उभं राहिलं.

तपासणीचा निकाल एका गुरुवारी आला. हर-टू पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी विम्याच्या अर्जावर सही केली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले, का ते मलाही कळलं नाही. भाची रडत होती. हाजियांनी फक्त विचारलं, पहिली सुई कधी.

काम झाल्यावर ब्लॉक मी लेखी अर्ज देऊन परत मागून घेतला. तुम्हीही घ्या. आता तो हाजियांच्या पत्र्याच्या पेटीत आहे, हजच्या पांढऱ्या ओढणीत गुंडाळून, सगळ्यात खाली, जिथे थंड राहतं.