गावाने वाळीत टाकलेला न्यायाधीश

अमेरिकेत फेडरल न्यायाधीशाला निवृत्तीचं वय नसतं, हे बाबांना अजून पटत नाही. त्यांची सगळी नोकरी साताऱ्याच्या कोर्टात गेली. हायकोर्टाचे न्यायमूर्तीसुद्धा ६२व्या वर्षी घरी जातात, मग हे कसे बसून राहतात, असं ते विचारतात. इथे राष्ट्राध्यक्ष नेमतात, सेनेट मान्यता देतं, की नेमणूक तहहयात. पगारही कमी करता येत नाही. डिस्ट्रिक्ट जज म्हणतात, पण खटले केंद्राच्या कायद्याखालचे. एवढ्या संरक्षणाची गरज काय, याचं उत्तर साउथ कॅरोलिना राज्यातल्या आमच्या चार्ल्स्टनचे न्यायाधीश वेटीज वेअरिंग यांच्याकडे आहे.

जन्म १८८०चा, आठ पिढ्या याच गावात. वडील यादवी युद्धात, देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या बाजूने लढलेले. वकिली, क्लब, राजकारण्यांशी घसट, सगळं रीतसर. १९४२मध्ये रूझवेल्टनी न्यायाधीश नेमलं, तेव्हा हा माणूस काही उलटंपालटं करेल असं कुणाला वाटलं नसेल.

१९४६मध्ये आयझॅक वुडर्ड या कृष्णवर्णीय सैनिकाचा खटला त्यांच्यापुढे आला. सैन्यातून मुक्त होऊन तो त्याच दिवशी बसने गावी निघाला होता, अंगावर अजून गणवेश. ड्रायव्हरशी बोलाचाली झाली आणि बेट्सबर्गच्या पोलीसप्रमुखाने त्याला एवढं मारलं की दोन्ही डोळे गेले. सगळी गोरी ज्यूरी अर्ध्या तासात परतली: पोलीसप्रमुख निर्दोष. सरकारी वकिलांनी खटला किती निष्काळजीपणे चालवला, हे वेअरिंग यांनी समोर बसून पाहिलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवार ठरवणारी, 'फक्त गोऱ्यांची' प्राथमिक निवडणूक बेकायदा ठरवली आणि निकालात लिहिलं, साउथ कॅरोलिनाने पुन्हा अमेरिकेत सामील व्हायची वेळ आली आहे. आपल्याच राज्याला असं सुनवायचं!

मला सगळ्यात विचार करायला लावतं ते १९५०चं प्रकरण. क्लॅरेंडन काउंटीतल्या कृष्णवर्णीय पालकांनी आधी मुलांसाठी फक्त शाळेची बस मागितली होती. त्यांचे वकील थर्गुड मार्शल यांचा दावा शाळांच्या सोयी सारख्या कराव्यात एवढाच होता. वेअरिंग यांनी त्यांना सुचवलं, गोऱ्या-काळ्या मुलांच्या विभक्त शाळांच्या कायद्यालाच आव्हान द्या. तसं केलं की खटला तीन न्यायाधीशांपुढे जाणार, तिथे दोघे विरोधात जाणार, पण अपील थेट सुप्रीम कोर्टात. म्हणजे हरण्याचा रस्ता त्यांनीच दाखवला! न्यायाधीशाने एका पक्षाच्या वकिलाला असं सांगावं का? बाबा स्पष्ट 'नाही' म्हणतात. मला त्यांचं म्हणणं खोडता येत नाही, तरी मी वेअरिंग यांच्याच बाजूची. झालंही तसंच, १९५१मध्ये दोन विरुद्ध एक. वेअरिंग यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात म्हटलं, विभक्तता हीच मुळात असमानता आहे. १९५४मध्ये विभक्त शाळांविरुद्धच्या ब्राउन खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने जवळपास हेच म्हटलं. क्लॅरेंडनचं अपील त्यातच होतं.

गावाने मात्र त्यांना वाळीत टाकलं होतं. निमित्त आधीच होतं: १९४५मध्ये पहिल्या पत्नीला घटस्फोट देऊन त्यांनी एलिझाबेथ या उत्तरेकडच्या, दोनदा घटस्फोट झालेल्या बाईंशी लग्न केलं. त्या काळी या राज्यात घटस्फोटाची सोयच नव्हती. त्यामुळे विरोधक म्हणत, न्यायबुद्धी कसली, हा तर गावावरचा राग. घरावर दगड पडले, महाभियोगाची मागणी झाली. जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६मध्ये कायदा करावा लागला; तिथे गरिबाची पार दैना होते. वेअरिंग यांची नोकरी आणि पगार मात्र गावाच्या हातात नव्हते. दहा वर्षं भरताच १९५२मध्ये ते पूर्ण पगारावर निवृत्त झाले आणि न्यूयॉर्कला निघून गेले. १९६८मध्ये ते गेले, दफन मात्र चार्ल्स्टनलाच झालं. अंत्ययात्रेला गोरे मोजके, कृष्णवर्णीय शेकडो.

इथल्या फेडरल कोर्टाच्या इमारतीला सिनेटर हॉलिंग्ज यांचं नाव होतं. हयात असतानाच त्यांनी स्वतः मागणी केली की माझं काढा, वेअरिंग यांचं द्या. २०१५मध्ये ते झालं. पुढाऱ्याने आपल्या नावाची पाटी आपणहून उतरवली, हे बाबांना निवृत्तीच्या वयापेक्षाही अवघड जातंय.