पाळी लांबली? दोन-तीन आठवडे मागे जाऊन बघा

आधी दिवस नीट मोजा. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस, तिथपासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. प्रौढ वयात 21 ते 35 दिवसांचं चक्र नॉर्मल धरतात आणि चार-पाच दिवस इकडेतिकडे होतातच.

स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ साधारण 12 ते 14 दिवसांचा, फारसा न बदलणारा. लांबतो तो त्याआधीचा टप्पा. त्यामुळे पाळी पुढे गेली म्हणजे बहुतेकदा बीजच उशिरा बाहेर पडलेलं असतं. परवाच्या जागरणाला उगाच दोष देऊ नका. दोन-तीन आठवड्यांपूर्वी ताप, मोठा ताण, झपाट्याने उतरलेलं वजन किंवा एकदम वाढवलेला व्यायाम असं काही होतं का, ते आठवा.

शरीरसंबंध आला असेल तर मात्र तर्क बाजूला ठेवून आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा, गर्भनिरोधक वापरलं असलं तरी. सकाळची पहिली लघवी घ्या. आदल्या रात्री भरपूर पाणी प्यायलात तर लघवी पातळ होते आणि गर्भ असूनही एकच रेघ दिसू शकते. निकाल पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचा; नंतर उमटलेली फिकट रेघ धरायची नाही. निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. बीज उशिरा सुटलं असेल तर पहिली टेस्ट फार लवकर झालेली असते.

इमर्जन्सी गोळीने पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनाने ती पूर्ण बंदही होते, आणि इंजेक्शन थांबवल्यावर परत यायला बरेच महिने लागू शकतात. उलटीवरच्या आणि मानसिक आजाराच्या काही औषधांनी प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढतं आणि पाळी लांबते, म्हणून डॉक्टरांना चालू औषधांची यादी दाखवाच. वारंवार लांबत असेल तर पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) आणि थायरॉइड तपासतात. चाळिशीनंतर रजोनिवृत्तीची चाहूलही असू शकते.

टेस्ट न करता पाळी आणायच्या गोळ्या घेऊ नका. नियमित येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही तर तपासून घ्या. आणि टेस्ट पॉझिटिव्ह असताना पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांदा दुखला किंवा चक्कर आली, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत असू शकतो; त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.