तिसरी डिस्क

परवा पुतणीने विचारलं, काका तुम्ही लोक तेच तेच जुने रेसिंगचे पिक्चर किती वेळा बघता? ती फॉर्म्युला वनची पक्की फॅन आहे, रविवारी संध्याकाळी रेस असली की टीव्ही तिच्या ताब्यात, टायर कुठला, पिटस्टॉप किती सेकंदांचा सगळं तोंडपाठ. तिला मी मागे एकदा हट्टाने 'ल मान' दाखवायला बसवलं होतं, फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या रेसवरचा, १९७१चा, स्टीव्ह मक्वीनवाला. वीस मिनिटं झाल्यावर म्हणाली, "काका, ह्यात कोणी बोलत का नाहीये?" म्हटलं थांब, बोलतील. अर्धा तास उलटला तरी हिरो काही बोलेना, फक्त लाऊडस्पीकरवर अनाउन्समेंट. ती मोबाईल घेऊन आतल्या खोलीत गेली आणि मी एकटाच बसलो, जसा ह्याआधी दहा-बारा वेळा बसलोय.

आता तिला काय सांगणार. सांगायचं तर मामापासून सुरू करावं लागेल.

माझा मामा प्रभादेवीला गॅरेजात होता. स्वतःचं नाही, दुसऱ्याच्या गॅरेजात हेडमिस्त्री. काळ्या-पिवळ्या फियाट, पद्मिनी म्हणा, सगळ्या टॅक्सीवाल्यांचा हा लाडका, कारण हा कानाने काम करायचा. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. दोन मिनिटं आजूबाजूला कोणी बोलायचं नाही. मग डोळे उघडून सांगणार, "तिसऱ्याचा टॅपेट" किंवा "प्लगमध्ये कचराय" किंवा नुसतंच "मिसिंग आहे, सोडून जा, संध्याकाळी ये", मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. सुट्टीत मी गॅरेजात पडीक असायचो आणि मला ती जादूच वाटायची, अजूनही वाटते.

ह्या मामाने शाळेत असताना, म्हणजे साठच्या दशकाच्या शेवटाला, टाउनात एका मोठ्या थेटरात 'ग्राँ प्री' हा फॉर्म्युला वनवरचा पिक्चर बघितला होता. शाळा बुडवून. त्याबद्दल आजोबांचा मार खाल्ला तोही त्याला आठवतो, पण पिक्चर जास्त आठवतो. मला तो पिक्चर मामाच्या तोंडून पाठ होता, बघायच्या कितीतरी वर्षं आधी. आणि गंमत म्हणजे त्याच्या सांगण्यात गोष्ट नव्हतीच कधी. हिरो कोण, हिरॉइन कोण, कोणाचं कोणावर प्रेम, काही नाही. मोनॅकोचा बोगदा कसा येतो, गाडी उडून समुद्रात कशी पडते, आणि आवाज. आवाज तो तोंडाने काढून दाखवायचा, गिअर बदलतानाचा तो मधला खड्डा पण.

२००३ साली मला त्याची व्हीसीडी मिळाली, फोर्टात फुटपाथवर. अर्थातच पायरेटेड, कव्हर झेरॉक्स काढल्यासारखं. पिक्चर जवळपास तीन तासांचा आहे आणि व्हीसीडीवर तासा-सव्वातासाच्या वर काही मावायचं नाही, त्यामुळे तीन डिस्क. मामाला फोन केला, रविवारी जेवायलाच ये म्हटलं, आईने मटण केलं, आणि जेवण झाल्यावर आम्ही दोघं टीव्हीसमोर.

सुरुवातीची टायटल्स सॉल बास नावाच्या डिझायनरने केलेली आहेत. तुम्ही कधी बघितली नसतील तर तेवढी तरी बघा. एक्झॉस्टचा पाइप, नट आवळणारे हात, घड्याळं, आणि एकाच पडद्यावर त्याच चित्राच्या चार, मग सोळा, मग मोजताच येणार नाहीत इतक्या चौकटी. मामा पुढे सरकून बसला आणि म्हणाला, "आवाज वाढव." वाढवला. "अजून." चाळीत असं करून चालत नाही, शेजारून भिंतीवर थाप आली, मामाने वळून पण बघितलं नाही.

मग आलं प्रेमप्रकरण. पिक्चरमध्ये ईव्हा मरी सेंट आहे, ईव्ह मोंतां आहे, सगळी मोठमोठी मंडळी, पण मामा म्हणाला "हे पुढे ढकल". मी ढकललं. परत रेस आली की मामा गप्प, परत बायका आल्या की "ढकल रे". मला वाटलं मामा अरसिक आहे. नंतर कळलं की जगभरातले रेसिंगवाले हेच करतात, ह्या पिक्चरची गोष्ट कोणाला आवडत नाही आणि पिक्चर मात्र सगळ्यांना आवडतो. असं दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या सिनेमात होत असेल असं मला वाटत नाही. म्हणजे बघा ना, आपण कुठल्या सिनेमाला गोष्ट वाईट असूनही माफ करतो?

मला विचाराल तर कारण हे आहे की तो पिक्चर गोष्ट म्हणून बघायचाच नसतो, साक्षीदार म्हणून बघायचा असतो. दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर १९६६च्या सीझनमध्ये सगळा लवाजमा घेऊन खऱ्या रेसेसच्या मागे फिरला. खरी माणसं, खरे ट्रॅक, खरी गर्दी. ग्रॅहम हिल, जिम क्लार्क, योखेन रिंट, ब्रूस मॅक्लारेन, लोरेन्झो बांदिनी हे त्या वेळचे खरे ड्रायव्हर सगळे त्यात दिसतात, कोण डायलॉग मारतोय तर कोण नुसता मागे उभा आहे. हिरो जेम्स गार्नर स्वतः गाडी चालवतो. आणि बेल्जियममध्ये स्पाला तर कमाल आहे, फिल हिल, म्हणजे १९६१चा वर्ल्ड चॅम्पियन, कॅमेरे लावलेली गाडी घेऊन प्रत्यक्ष रेसच्या सुरुवातीला मागे उभा राहिला आणि सुटला. नेमका त्याच दिवशी पहिल्याच लॅपला पुढे धो धो पाऊस. सात-आठ गाड्या तिथेच गेल्या, जॅकी स्टुअर्ट मोडलेल्या गाडीत अडकला, अंगावर पेट्रोल सांडतंय, ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंटने आपापल्या आपटलेल्या गाड्यांतून उतरून त्याला बाहेर काढला. स्टुअर्ट पुढे आयुष्यभर सेफ्टीसाठी भांडला त्याची सुरुवात ह्या रेसमध्ये आहे. आणि ह्या सगळ्यातून फिल हिल कॅमेरा घेऊन जातोय, शूटिंगसाठी!

आता खोटेपणा पण सांगतो, कारण फॅन लोक तो लपवतात. हिरो-व्हिलनच्या गाड्या एफवन नव्हत्याच, फॉर्म्युला थ्री म्हणजे खालच्या वर्गाच्या रेसच्या होत्या, वरून एफवनसारखं नटवलेल्या. त्यांचं इंजिन एक लिटरचं, म्हणजे मामाच्या पद्मिनीपेक्षाही छोटं, पद्मिनी १०८९ सीसी. आवाज मागून खऱ्या एफवनचे घातले. जपानी मालकाच्या रोलमध्ये तोशिरो मिफुने आहे, त्याचाही आवाज दुसऱ्याचाच. पण ऑस्कर मिळाले ते साउंडला, साउंड इफेक्ट्सना आणि एडिटिंगला. ऑस्करवाल्यांनी पण प्रेमप्रकरण पुढे ढकललं असणार.

तर दुसरी डिस्क संपली. चहा झाला. तिसरी घातली आणि पडद्यावर दोन चायनीज माणसं बांबूच्या जंगलात उड्या मारतायत.

मला आधी वाटलं काहीतरी ट्रेलर असेल. पाच मिनिटं बघितलं. कुठल्यातरी कुंगफू पिक्चरचा दुसरा भाग होता. डिस्कवर पेनाने तीन लिहिलेलं बरोबर होतं, आत माल दुसरा. पुढच्या आठवड्यात जाऊन बघितलं तर तो फुटपाथवाला त्या जागेवर नाही, आणि असता तरी काय, पावती दाखवणार होतो का.

मामा दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "टीव्ही बंद कर, मी सांगतो." आणि त्याने पिक्चरचा शेवट सांगितला, इटलीतल्या मोंझा ट्रॅकवरचा. सोफ्यावरची उशी तिरकी धरून त्याने बँकिंग म्हणजे काय ते दाखवलं, भिंतीसारखा उभा होत जाणारा रस्ता, त्यावरून गाडी कशी चिकटून जाते, आणि फेरारीवाला सार्ती वरच्या कडेवरून कसा बाहेर फेकला जातो. आई दारात येऊन उभी राहिली होती. शेवटी मामा म्हणाला, सगळं संपतं, लोक गेले, हिरो एकटा रिकाम्या ट्रॅकवर चालतोय, कागद पडलेत, आणि गाडी एकही नाही पण आवाज येतोय. इंजिनांचा. हळूहळू वाढत जातो. एवढं बोलून त्याने तो आवाज काढला, अगदी हलका, घशातल्या घशात, आणि थांबला.

हे शेवटचं मामाने पदरचं घातलं असं मला वाटलं होतं. गाडी नाही आणि आवाज आहे हे मामालाच सुचणार. चार-पाच वर्षांनी मला धड डीव्हीडी मिळाली, तेव्हा मोंझा बघितलं. जसंच्या तसं होतं. रिकामा ट्रॅक, एकटा गार्नर आणि तो आवाज. चाळीस वर्षांपूर्वी एकदाच बघितलेला सीन ह्या माणसाने उशी हातात धरून मला अचूक सांगितला होता.

मोंझाच्या बँकिंगवर १९६१ नंतर एफवनची रेस झाली नाही. त्या वर्षी मोंझाच्या रेसमध्ये फेरारीवालाच फॉन ट्रिप्स आपटून मेला, त्याच्याबरोबर पंधरा प्रेक्षक गेले, आणि त्याच रेसमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला तो हाच फिल हिल. म्हणजे पाच वर्षांनी ह्याच पिक्चरसाठी कॅमेऱ्याची गाडी चालवणारा. पिक्चर डिसेंबर १९६६मध्ये लागला, पुढच्या मे महिन्यात बांदिनी मोनॅकोला हार्बरजवळ आपटून जळाला आणि तीन दिवसांनी गेला. क्लार्क १९६८, मॅक्लारेन १९७०, रिंट १९७०, आणि रिंट तर मोंझालाच. आता तुम्ही त्या गर्दीच्या सीनमध्ये बांदिनीला बघा आणि मग मला सांगा की प्रेमप्रकरणात लक्ष लागतं का.

'ल मान'चं वेड मला मामाकडून नाही आलं, ते माझं माझं. त्याच्यात तर गोष्ट जवळजवळ नाहीच, पोर्शे ९१७ विरुद्ध फेरारी ५१२ आणि चोवीस तास. मक्वीनला १९७०ची खरी रेस जॅकी स्टुअर्टबरोबर पळायची होती, परवानगी मिळाली नाही, तर त्यांनी पोर्शे ९०८वर कॅमेरे बसवून ती खऱ्या रेसमध्ये घातली. जॉन स्टर्जेससारखा दिग्दर्शक भांडून मध्येच निघून गेला. डेव्हिड पायपर नावाच्या ड्रायव्हरचा शूटिंगमध्ये पाय गेला, गुडघ्याखाली कापावा लागला, हे वाचल्यापासून मला काही शॉट पूर्वीसारखे बघवत नाहीत, बघतो मात्र. पिक्चर पडला. पडणारच होता. पण स्टार्टच्या आधी सगळा आवाज जातो आणि नुसती छातीची धडधड राहते ना, तेव्हा माझी पण होते, बाराव्या वेळेला सुद्धा.

नवीन पिक्चर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. 'रश' मी थेटरात दोनदा बघितला. 'सेना', म्हणजे आयर्टन सेना ह्या ड्रायव्हरवरची डॉक्युमेंटरी, बघून रडलो, त्यात एकही सीन शूट केलेला नाही, सगळं जुनं फुटेज, आणि सेना इमोलाच्या ट्रॅकवर आपटून गेला तो दिवस १ मे, आपला महाराष्ट्र दिन, त्यामुळे दर वर्षी झेंडावंदनाच्या दिवशी मला इमोला आठवतं, काय करणार. २०२५चा ब्रॅड पिटवाला आयमॅक्सला पुतणीबरोबर बघितला. खऱ्या रेसच्या वीकेंडला जाऊन शूटिंग, आणि गाड्या फॉर्म्युला टूच्या, वरून एफवनसारखं नटवलेल्या. मी थेटरातच हसलो, पुतणी म्हणाली काय झालं. म्हटलं साठ वर्षांत फक्त थ्रीचं टू झालंय.

मामाने आयुष्यात एकही मोठी रेस प्रत्यक्ष बघितली नाही. २०११मध्ये ग्रेटर नोएडाला एफवन आली तेव्हा मी म्हटलं चल, तिकीट मी काढतो. तिकिटाचा आकडा ऐकून म्हणाला टीव्हीवर बघू. तीन वर्षं झाली, तिन्ही वेळा फेटेल जिंकला, बंद. २०१४ला एफवनमध्ये टर्बो व्ही सिक्स आलं तेव्हा पहिली रेस पाच मिनिटं ऐकून मामा म्हणाला, "हा मिक्सर कोणी लावला?" त्यानंतर त्याने एफवन बघणं सोडलं. 'ग्राँ प्री' मात्र बघतो, डीव्हीडी त्याच्याकडेच आहे, प्रेमप्रकरण स्वतःच पुढे ढकलतो.

आता त्याला ऐकू कमी येतं. कानाला मशीन आहे, पण गर्दीत सगळाच कलकलाट मोठा होतो म्हणून काढून खिशात ठेवतो. गेल्या महिन्यात त्याच मशीनच्या चेकिंगला वरळीहून गिरगावकडे टॅक्सीने चाललो होतो, कोस्टल रोडने. मलबार हिलखालच्या बोगद्यात शिरलो. आत साठची लिमिट आहे, कॅमेरे आहेत, तरी मागून कोणीतरी श्रीमंताचा पोरगा आलाच, बोगद्यात आवाज घुमवायला. बसक्या आवाजाची लाल गाडी, सुळ्ळकन बाजूने गेली, आमच्या सीएनजी टॅक्सीची काच थरथरली. मला तर थेट मोनॅकोच दिसलं.

मामाची मशीन खिशातच होती. त्याने डाव्या हाताचा तळवा दारावर सपाट टेकवून ठेवला होता, डोळे मिटलेले. आवाज पुढे जाऊन विरला तेव्हा उघडले.

"सहा सिलिंडर," म्हणाला. "एक मिसिंग मारतंय."